आपल्याबद्दल कोण काय लिहितं? वेल्समधल्या बायकांची दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट

 

आजची गोष्ट दूरच्या देशातली आहे, पण ती आम्हाला सुचली आपल्याच ओट्यावर. काही दिवसांपूर्वी आमच्या गावात एक सर्वेक्षण झालं. हातात कागद घेऊन माणसं आली, भराभर प्रश्न विचारले, भराभर लिहिलं आणि निघाली. आमच्यातली एक जण म्हणाली, "दादा, माझ्या नावापुढं काय लिहिलंत ते जरा वाचून दाखवा." त्यांनी वाचलं, "काम: काही नाही." ही बाई पहाटे चारला उठते. चार शेळ्या, दोन एकर रान, सासू अंथरुणाला खिळलेली. तरी कागदावर 'काम काही नाही'. तिनं ते खोडायला लावलं. पण ज्यांनी वाचून दाखवा म्हटलंच नाही, त्यांच्या नावापुढं काय लिहिलं गेलं असेल?

हे बोलता बोलता आम्हाला वेल्स देशाची आठवण झाली. तिथल्या बायकांबद्दल असंच एकदा लिहिलं गेलं. कागद साधा नव्हता, सरकारी अहवाल होता, बाराशेहून जास्त पानांचा. तो लिहिणाऱ्यांना त्या बायकांची भाषाच येत नव्हती. तो अहवाल काय होता, त्याआधी तिथल्या बाया कशा जगत होत्या आणि त्यांनी पुढं काय केलं, ते आज सांगतो.

देश छोटा, भाषा जुनी

इंग्लंडच्या पश्चिमेला, समुद्रात शिरलेला डोंगराळ मुलूख म्हणजे वेल्स. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडाच मोठा. पाऊस भरपूर, जमीन हलकी, मेंढ्या पुष्कळ. तिथली माणसं आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात आणि त्यांची भाषा इंग्रजीहून अगदी वेगळी. इंग्रजी माणसाला तिचं एक वाक्य कळणार नाही.

१८०१ साली तिथं पहिली जनगणना झाली, तेव्हा साऱ्या देशात सहा लाखांहून कमी माणसं होती. बहुतेकांना वेल्श सोडून दुसरी भाषा येत नव्हती. पण राज्य चालायचं इंग्रजीत. १५३६ साली इंग्लंडच्या राजानं कायदा केला होता की कोर्टाचं कामकाज इंग्रजीतच होईल. म्हणजे एखाद्या शेतकरणीवर खटला झाला, तर न्यायाधीश काय म्हणतो ते तिला कळायचं नाही आणि ती काय म्हणते ते न्यायाधीशाला कळायचं नाही. मध्ये दुभाषा. तो जे सांगेल ते खरं.

सरकारात आपली भाषा नाही, कोर्टात नाही, मोठ्या शाळांत नाही. मग ती जगली कुठं? घरात, शेतात, देवळात, आणि बायकांच्या ओठावर.

विणकामाच्या रात्री

उत्तर वेल्समध्ये बाला नावाचं गाव आहे, तळ्याकाठचं. त्या भागातल्या बाया लोकरीचे पायमोजे विणायच्या. बाजाराच्या दिवशी ते व्यापाऱ्याला विकायचे आणि मीठमिरची आणायची. नुसत्या बायाच नाही, पोरं आणि पुरुषही विणायचे. रस्त्यानं चालतानाही हातातल्या सुया थांबायच्या नाहीत.

हिवाळ्यात रात्री मोठ्या. घरोघरी दिवा आणि जळण परवडायचं नाही. म्हणून शेजारपाजारची सगळी एका घरी जमायची, एकाच चुलीभोवती. प्रत्येकाच्या हातात विणकाम. मग कुणी जुनी कथा सांगायचं, कुणी गाणं म्हणायचं, कुणी हार्प नावाचं तंतुवाद्य वाजवायचं. अशा रात्रीला ते 'नोसन वेय' म्हणायचे, म्हणजे विणकामाची रात्र. एका दिव्यात सगळ्यांचं काम व्हायचं आणि पोरांच्या कानावर भाषा पडायची. जात्यावर ओव्या म्हणत दळणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावं लागलं नसतं.

पश्चिमेच्या कार्डिगन भागातल्या गरीब बाया उन्हाळ्यात टोळ्या करून चालत लंडनला जायच्या. तीनशे किलोमीटरच्या वर वाट. तिथल्या भाजीमळ्यांत खुरपणी करायची, फळं खुडायची, डोक्यावर टोपल्या घेऊन बाजारात पोचवायच्या आणि सुगीच्या सुमाराला परत यायचं. त्यांना 'बागेतल्या पोरी' असं नाव पडलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना ती वाट वेगळी ओळख करून द्यायला नको.

ॲन आणि रूथ

आता त्या काळातली दोन नावं सांगतो. एक मालकीण, एक मोलकरीण.

मालकीण म्हणजे ॲन ग्रिफिथ्स. जन्म १७७६ चा, डोलवार वाख नावाच्या शेतघरात. आई लवकर वारली, तेव्हा वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी घराचा भार तिच्यावर आला. पोरगी हसरी, नाचाची आवड असलेली. पुढं तिचं मन भक्तीकडं वळलं. महिन्याच्या प्रार्थनेसाठी ती डोंगर ओलांडून बालापर्यंत चालत जायची. चालता चालता, काम करता करता तिला पदं सुचायची. ती म्हणून दाखवायची, पण फारशी लिहून ठेवायची नाही.

१८०४ साली तिचं लग्न झालं. पुढच्या वर्षी बाळंतपणात बाळ गेलं आणि थोड्याच दिवसांत ॲनही गेली. वय २९. तिच्या स्वतःच्या हातचं म्हणून आज एक पत्र आणि एक कडवं एवढंच उरलं आहे.

मग तिची सत्तरच्या वर कडवी आज वेल्समध्ये लोकांना पाठ कशी? ती राहिली रूथमुळं. रूथ इव्हान्स ही त्या घरातली मोलकरीण. तिला लिहिता येत नव्हतं. पण मालकिणीच्या तोंडून ऐकलेलं पद न् पद तिनं मनात जपलं होतं. ॲन गेली त्याच वर्षी रूथचं लग्न जॉन ह्यूज नावाच्या मास्तराशी झालं. तो प्रवचनंही करायचा. रूथनं त्याला एकेक पद म्हणून दाखवलं आणि त्यानं ते वहीत उतरवलं. १८०६ साली ती पदं छापली गेली. आज वेल्श भाषेतल्या मोठ्या कवींमध्ये ॲनचं नाव घेतात.

आम्हाला यात रूथ मोठी वाटते. ॲनची पदं तिच्याबरोबर मातीत गेली असती. एका निरक्षर बाईच्या आठवणीनं ती वाचवली. आपल्या गटात सही करताना अंगठा लावणाऱ्या एखाद्या आजीकडं आपण कधी तरी वरवर बघतो, तेव्हा रूथची आठवण ठेवावी.

गोठ्यातल्या शाळा

वेल्समध्ये मोठ्या शाळा कमी होत्या, तरी वाचणारी माणसं पुष्कळ होती. ते कसं? याचं श्रेय ग्रिफिथ जोन्स नावाच्या एका पाद्र्याला जातं. १७३१ च्या सुमारास त्यानं फिरत्या शाळा काढल्या. मास्तर एका गावात यायचा, तीन महिने राहायचा आणि मग पुढच्या गावी. शाळा भरायची देवळात नाहीतर रिकाम्या कोठारात, शक्यतो हिवाळ्यात, शेतीची कामं कमी असताना. दिवसा पोरं, रात्री मोठी माणसं. शिकवायचं एकच, वेल्श वाचायला. आपलीच भाषा असल्यामुळं माणूस तीन महिन्यांत वाचू लागायचा. त्याच्या हयातीत दीड लाखाहून जास्त माणसं अशी वाचायला शिकली.

तो वारल्यावर या शाळा चालवल्या एका बाईनं. ब्रिजेट बेव्हन तिचं नाव, लोक तिला मॅडम बेव्हन म्हणायचे. तिनं १८ वर्षं त्या सांभाळल्या आणि आपला पैसा शाळांसाठी लिहून ठेवला. पण १७७९ साली ती गेली आणि नातेवाइकांनी मृत्युपत्रावर दावा लावला. खटला वर्षानुवर्षं चालला, पैसा अडकला आणि शाळा बंद पडल्या. वारसाहक्काचा कागद पक्का नसला की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

पुढं बालाच्या टॉमस चार्ल्स यांनी ती कल्पना पुन्हा उभी केली. त्यातून रविवारच्या शाळा निघाल्या. त्यात म्हाताऱ्या बायाही पोरांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवायच्या.

अशा शाळेत शिकलेली एक पोर म्हणजे मेरी जोन्स. विणकराची लेक, बाप लहानपणीच वारलेला. तिला स्वतःचं पुस्तक हवं होतं. त्या काळी छापलेलं वेल्श बायबल महाग आणि मिळायला कठीण. मेरीनं सहा वर्षं पैसे साठवले असं सांगतात. १८०० साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ती अनवाणी चाळीस किलोमीटर चालत टॉमस चार्ल्स यांच्याकडं गेली आणि पुस्तक घेऊन आली. १८०४ साली लंडनमध्ये बायबल स्वस्तात छापून देणारी संस्था निघाली, त्यामागं अशाच माणसांची गरज होती. मेरीचं ते पुस्तक आज केंब्रिजच्या ग्रंथालयात जपून ठेवलं आहे.

या शिकवणुकीचा एक धागा आपल्या देशापर्यंतही आला. १८४१ साली टॉमस जोन्स नावाचा वेल्श पाद्री मेघालयातल्या चेरापुंजीला पोचला. खासी भाषा तेव्हा बहुतेक तोंडीच होती. त्यानं ती लिहायला रोमन अक्षरं वापरली आणि शब्दांची घडण आपल्या वेल्श भाषेच्या वळणानं बसवली. खासी लोक आजही जवळपास तशीच लिपी वापरतात.

लोखंडाची गावं आणि 'रेबेकाच्या लेकी'

तोवर दक्षिण वेल्समध्ये जग बदललं होतं. डोंगरात लोखंड आणि कोळसा सापडला. मर्थर टिडफिल गावात १८०१ साली ७,७०५ माणसं होती, १८५१ साली ४६ हजार झाली. भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, गटारं नाहीत, पाणी घाण. पगार बऱ्याचदा मालकाच्याच दुकानात संपायचा. उधारी थकली की कोर्टाचा माणूस येऊन खाट-पेटी उचलून न्यायचा. १८३१ च्या जूनमध्ये मजुरीत कपात झाली आणि लोक उठले. जप्त केलेल्या वस्तू त्यांनी परत आणून ज्याच्या त्याला दिल्या, कर्जाच्या वह्या जाळल्या. सैन्यानं गोळ्या घातल्या, पुष्कळ माणसं मेली. डिक पेन्डेरिन नावाच्या तेवीस वर्षांच्या मजुराला सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून १३ ऑगस्ट १८३१ रोजी फाशी दिली. तो निर्दोष होता असं लोक तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणतात.

शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी. पश्चिमेकडं रस्त्यारस्त्यांवर टोलनाके बसले. हलक्या जमिनीला चुना घालावा लागायचा. तो गाडीनं आणायचा तर वाटेत दोन-तीन नाक्यांवर पैसे. चुन्यापेक्षा टोल महाग पडायचा.

१३ मे १८३९ च्या रात्री एवाइलवेन इथला नाका फोडला गेला. फोडणाऱ्या पुरुषांनी तोंडाला काजळी फासली होती आणि अंगात बायकांचे कपडे घातले होते! त्यांच्या पुढाऱ्याला ते 'रेबेका' म्हणायचे आणि बाकीचे 'रेबेकाच्या लेकी'. बायबलमध्ये रेबेकाला आशीर्वाद मिळतो की तुझी लेकरं वैऱ्यांच्या वेशी ताब्यात घेतील. त्यावरून हे नाव आलं असं मानतात. नाक्याजवळ आल्यावर 'रेबेका' आंधळ्या म्हातारीचं सोंग घ्यायची, वाटेत काहीतरी आडवं आलंय म्हणायची, आणि 'लेकी' कुऱ्हाडीनं ते फाटक तोडायच्या. १८४३ पर्यंत असे कितीतरी नाके फुटले.

या 'रेबेका'नं एक काम असंही केलं, जे आपण लक्षात ठेवावं. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानुसार लग्नाआधी झालेल्या मुलाचा सारा भार आईवर टाकला होता. बाप मोकळा. आई कंगाल झाली तर तिला गरीबखान्यात पाठवायचं. तिथं नवरा, बायको, पोरं वेगवेगळी ठेवायची. लोकांना याची फार चीड होती. काही ठिकाणी 'रेबेका' रात्री बापाच्या दारात जाऊन उभी राहायची आणि पोराचा खर्च दे म्हणून बजावायची. १९ जून १८४३ रोजी कार्मार्थन गावात हजारोंचा मोर्चा गरीबखान्यात घुसला. घोडेस्वार सैन्यानं तो पांगवला.

सरकारनं मग चौकशी आयोग नेमला. आयोगानं गावोगाव फिरून लोकांचं ऐकलं. १८४४ साली कायदा बदलला, नाके एका मंडळाखाली आले, चुन्यावरचा टोल निम्मा झाला. त्याच वर्षी आईला मुलाच्या बापाकडून खर्च मागण्यासाठी कोर्टात जाण्याचा हक्कही मिळाला.

पण या गोष्टीला एक काळी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. सप्टेंबर १८४३ मध्ये हेन्डी इथल्या नाक्यावर हल्ला झाला. तिथं टोल गोळा करायला सारा विल्यम्स नावाची म्हातारी होती, सत्तरी ओलांडलेली. नाका तिचा नव्हता, ती पोटासाठी बसली होती. तिला गोळी लागली आणि ती मेली. पंच बसले, त्यांनी मृतदेह पाहिला आणि निर्णय दिला की छातीत रक्त साचून ती मेली, पण कशामुळं ते कळत नाही. गोळीचा शब्दसुद्धा नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही. बायकांचा वेश घेऊन लढणाऱ्यांच्या हातून एक गरीब बाई गेली, आणि तिचं मरणही कागदावर नीट लिहिलं गेलं नाही.

निळ्या पुठ्ठ्याचे अहवाल

आता येतो त्या अहवालाकडं. एकामागून एक उठाव झाल्यावर लंडनच्या सरकारला वाटलं, ही माणसं अशी का वागतात? उत्तर मिळालं, त्यांना शिक्षण नाही, इंग्रजी नाही. १८४६ साली संसदेत मागणी झाली आणि वेल्समधल्या शिक्षणाची चौकशी करायला तीन जण नेमले. लिंगेन, सायमन्स आणि जॉन्सन. तिघेही तरुण इंग्रज वकील. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. तिघेही सरकारी चर्चचे, आणि वेल्समधली बहुतेक माणसं दुसऱ्या पंथांच्या साध्या प्रार्थनाघरांत जाणारी.

१८४७ साली त्यांचे तीन अहवाल निघाले. पुठ्ठे निळे, म्हणून लोक त्यांना 'निळी पुस्तकं' म्हणू लागले.

त्यात सगळंच खोटं होतं असं नाही. शाळांची अवस्था त्यांनी खरी लिहिली. गळकी कोठारं, जमिनीवर बसलेली पोरं, दुसरा धंदा जमला नाही म्हणून मास्तर झालेली माणसं. मुलं इंग्रजी पुस्तक पोपटासारखी म्हणायची, अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही. काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. त्यानं दुसऱ्याला वेल्श बोलताना पकडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात जायचा. शेवटी ज्याच्या गळ्यात राहील त्याला शिक्षा. हे सरकारनं लादलेलं नव्हतं. मास्तर करायचे आणि पुष्कळ आईबापांनाही ते मान्य होतं, कारण इंग्रजी आली तर नोकरी मिळेल अशी आशा होती.

पण हे साहेब शाळांवर थांबले नाहीत. त्यांनी पोरांना इंग्रजीत प्रश्न विचारले, उत्तर आलं नाही तर अज्ञानी म्हणून लिहिलं. रविवारच्या शाळेत तीच पोरं आपल्या भाषेत काय वाचतात, ते त्यांना पुरतं कळलं नाही. वेल्श भाषा हीच प्रगतीतली अडचण आहे असा निष्कर्ष काढला. आणि सगळ्यांत मोठा घाव घातला बायकांवर. गावच्या पाद्र्यांचं आणि जमीनदारांचं ऐकून त्यांनी लिहिलं की वेल्समधल्या बाया चारित्र्यानं हलक्या आहेत. रात्रीच्या प्रार्थनांवरून येताना पोरी बिघडतात. लग्नाआधी पोरगा पोरीला रात्री घरी भेटायला येतो, ही तिथली जुनी चाल त्यांना पापाची खूण वाटली.

त्या चालीमागं काय होतं, ते एखाद्या गड्याला किंवा मोलकरणीला विचारलं असतं तर कळलं असतं. दिवसभर मालकाच्या शेतात काम, राहायला माळ्यावरची जागा, भेटायला वेळ नाही, बसायला खोली नाही, दिव्याला पैसे नाहीत. बहुतेकांची पुढं लग्नं व्हायची. पण विचारायचं कुणाला? ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्या बायकांनाच कुणी विचारलं नाही.

उत्तर कुणी दिलं?

सारा देश पेटून उठला. पुढं या प्रकरणाला 'निळ्या पुस्तकांचा दगा' असं नाव पडलं आणि वेल्समध्ये ते आजही घेतलं जातं. सभा झाल्या, लेख आले. येयान ग्विनेद नावाच्या एका आजारी तरुण पाद्र्यानं आकडे मांडून दाखवलं की वेल्समधली परिस्थिती इंग्लंडपेक्षा वाईट नाही.

एक उत्तर बाईनंही दिलं. जेन विल्यम्स ही लेखिका. १८४८ साली तिनं इंग्रजीत पुस्तिका काढली आणि अहवालातली विसंगती दाखवून दिली. ज्या भाषेत आरोप झाला, त्याच भाषेत जाब. तिच्या पाठीशी होत्या लॅनओव्हरच्या ऑगस्टा हॉल, श्रीमंत घरच्या बाई. १८३४ साली वेल्श भाषा आणि वेल्श पेहराव का टिकवावा यावर निबंध लिहून त्यांनी कार्डिफच्या आइस्तेद्वॉदमध्ये बक्षीस मिळवलं होतं. आइस्तेद्वॉद म्हणजे कविता आणि संगीताच्या स्पर्धांचा मेळा. बाईंना स्वतःला वेल्श सफाईनं बोलता येत नव्हतं, पण घरच्या गड्यांपासून हार्पवाल्यापर्यंत सगळं वेल्श असावं असा त्यांचा आग्रह. लाल शाल आणि उंच काळी टोपी ही वेल्श बाईची ओळख पक्की होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांच्याच आधारानं १८५० च्या जानेवारीत येयान ग्विनेद यांनी एक मासिक काढलं. नाव 'अ गम्राइस', म्हणजे 'वेल्श स्त्री'. बायकांसाठीचं पहिलं वेल्श मासिक. आपण ज्या मासिकात हे वाचताय, त्याचीच ती लांबची मावशी म्हणा.

पण मैत्रिणींनो, इथं एक गाठ आहे. ते मासिक चालवणारा पुरुष, लिहिणारे बहुतेक पुरुष. बाईवरचा डाग पुसायचा म्हणून सांगितलं काय, तर चांगली बायको व्हा, चांगली आई व्हा, घर चकचकीत ठेवा, बोलणं मवाळ ठेवा. म्हणजे साहेबानं म्हटलं, तू वाईट आहेस. आपल्या माणसानं म्हटलं, ती वाईट नाही, ती घरात गुपचूप बसणारी आहे. लंडनपर्यंत चालत जाणारी, बाजारात मोजे विकणारी, रानात राबणारी बाई दोघांच्याही कागदावर नव्हती. दोन वर्षांत ते मासिक दुसऱ्यात मिसळलं.

खरं उत्तर यायला आणखी वेळ लागला. जेन विल्यम्सनं १८५७ साली अजून एक काम केलं. बालाजवळची बेट्सी कॅडवॉलडर, मोलकरीण म्हणून जहाजांवर जगभर फिरलेली, साठी उलटल्यावर क्रिमियाच्या लढाईत जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेलेली. तिनं आपलं आयुष्य सांगितलं, जेननं ते लिहून छापलं. आज उत्तर वेल्सच्या सरकारी आरोग्यसेवेला बेट्सीचं नाव आहे. रूथनं पदं सांगितली आणि नवऱ्यानं लिहिली. आता एका बाईनं सांगितलं आणि दुसऱ्या बाईनं लिहिलं.

आणि १८६५ साली अॅबरिस्टविथच्या आइस्तेद्वॉदमध्ये नामवंत कवींना मागं टाकून सारा जेन रीस हिनं बक्षीस नेलं. टोपणनाव क्रानॉग्वेन. खलाशाची लेक, स्वतः समुद्रावर गेलेली, गावातल्या तरुणांना जहाज हाकण्याचं गणित शिकवणारी. १८७९ पासून बायकांचं 'अ व्रथॉनेस' हे मासिक तिनं दहा वर्षं संपादित केलं. तिथं बाया स्वतः लिहू लागल्या. अहवाल आल्यापासून इथवर यायला ३२ वर्षं गेली.

वेल्श भाषा पुढं खूप आटली, पण संपली नाही. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला ती येते असं सांगितलं. आता तिथं तिला कायद्यानं अधिकृत दर्जा आहे.

आपल्यासाठी

आमच्या गटात ही गोष्ट वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती 'काम काही नाही'वाली आमची मैत्रीण म्हणाली, "त्या बायकांना कुणी वाचून दाखवलंच नाही गं. दाखवलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं खोडायला लावलं असतं."

म्हणून आम्ही आमच्यापुरते तीन नियम केलेत. तुम्हाला पटले तर घ्या. घरी कागद घेऊन कुणी आलं, तर सही किंवा अंगठा द्यायच्या आधी 'आमच्या भाषेत वाचून दाखवा' म्हणायचं. आपल्या कामाचं नाव आपण स्वतः सांगायचं, शेतकरीण, शेळीपालक, शिवणकाम, जे असेल ते. आणि दर महिन्याच्या बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास एका म्हाताऱ्या बाईला बोलतं करायचं आणि लिहिता येणाऱ्या पोरीनं ते वहीत उतरवायचं. पहिल्या बैठकीत एका आजीनं बेचाळीस ओव्या सांगितल्या. वहीची नऊ पानं भरली. शेवटी पोरीनं त्या सगळ्या आजीला वाचून दाखवल्या. दोन ठिकाणी आजी म्हणाली, "असं नाही, चुकलंस," आणि पोरीनं ते दुरुस्त केलं.

तुमच्या गटातली रूथ कोण आहे, ते शोधा.